घरातला ॲडमिनिस्ट्रेटर कोण?

कॉम्प्युटर आमच्या घरी आला तो रिक्षातून. मागच्या सीटवर पप्पा, त्यांच्या मांडीवर मॉनिटरचं भलंमोठं खोकं, आणि खोक्याच्या वरून फक्त त्यांचा चष्मा दिसत होता. शेजारी अंग चोरून बसलेला, कॉम्प्युटर जोडून देणारा माणूस. बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि आम्ही राहायचो तिसऱ्या मजल्यावर. वर जाताना दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दार किलकिलं करून विचारलं, "टीव्ही?"

"कॉम्प्युटर," पप्पा धापा टाकत म्हणाले.

"बरं. आवाज कमी ठेवा," असं म्हणून काकांनी दार लावून घेतलं.

मी तेव्हा अकरावीत होते आणि भाऊ आठवीत. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, पप्पा एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. त्या काळात पुण्यात एक नवीनच हवा होती. हिंजवडीकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या सकाळी चौकात थांबायच्या आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलंमुली त्यांत चढायची. पप्पा स्कूटर थांबवून त्यांच्याकडे बघत राहायचे. घरी येऊन म्हणायचे, "आपल्याकडेही कॉम्प्युटर पाहिजे. नाहीतर ही बस चुकेल." शेवटी तो घेतला, हॉलमध्ये खिडकीखाली टेबल मांडलं, आणि टेबलावर आईने बाळाच्या बारशाला अंथरावी तशी नवी कोरी चादर अंथरली. जोडणाऱ्या माणसाने ती आधी बाजूला काढायला लावली. हवा लागली पाहिजे म्हणे.

सगळ्या वायरी लागल्या, पडदा निळा झाला, आणि त्या माणसाने विचारलं, "युजरचं नाव काय टाकू?"

"म्हणजे?" पप्पांनी विचारलं.

"यात एक ॲडमिनिस्ट्रेटर असतो. नवीन काही टाकायचं, काही काढायचं, कुणाला काय करू द्यायचं, ते सगळं तो ठरवतो. बाकीचे लिमिटेड. ते नुसतं वापरतात."

पप्पांनी हातातली चहाची बशी खाली ठेवली. "म्हणजे त्याच्या परवानगीशिवाय काहीच होत नाही?"

"काहीच नाही."

"मग माझं नाव टाका," पप्पा म्हणाले. ते ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मी तोवर ऐकलेला नव्हता.

आता मला त्या आवाजाचा अर्थ कळतो, तेव्हा कळला नव्हता. लहानपणी एकदा शाळेला सुट्टी म्हणून पप्पा मला त्यांच्या ऑफिसात घेऊन गेले होते. सकाळपासून ते एक लांबलचक टिपण लिहीत होते. कुठलं कलम, कुठला शासन निर्णय, आधी काय झालं होतं, सगळं त्यांना तोंडपाठ. टिपण झालं, फाईल बांधली आणि मग ते साहेबांच्या केबिनबाहेर उभे राहिले. खूप वेळ. मी बाकावर बसून पाय हलवत होते. आत साहेब कुणाशी तरी हसत बोलत होते. शेवटी पप्पा आत गेले आणि अर्ध्या मिनिटात बाहेर आले. साहेबांनी एक ओळही न वाचता सही केली होती. वीस-बावीस वर्षं पप्पांचं काम हेच होतं. अभ्यास त्यांचा, अक्षर त्यांचं, आणि सही दुसऱ्याची. तेव्हा घरात एक यंत्र आलं आणि त्याने विचारलं की इथला अधिकारी कोण, तर त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. यात नवल ते काय?

पण अधिकार मिळाल्यावर पप्पांनी तो त्यांना माहीत होता त्याच पद्धतीने चालवला. दुसऱ्याच दिवशी एक जाड फाईल आणली. वर सुंदर अक्षरात लिहिलं: "संगणक – परवानगी". आणि जेवताना जाहीर केलं की कॉम्प्युटरवर कुणालाही काहीही टाकायचं असेल तर लेखी अर्ज करायचा.

भावाचा अर्ज पहिला. विषय: कार रेसिंगचा गेम टाकण्यास परवानगी मिळणेबाबत. पप्पांनी लाल पेनने शेरा मारला: "वार्षिक परीक्षेनंतर फेरसादर करावे." मला कॉलेजच्या विषयासाठी सी प्लस प्लस टाकून हवं होतं. माझा अर्ज "मंजूर, फक्त अभ्यासाकरिता" असा परत आला. मंजुरीनंतर पप्पा समारंभपूर्वक खुर्चीत बसायचे, आम्हा तिघांना गॅलरीत जायला सांगायचे आणि पासवर्ड टाकायचे. आम्ही तळजाईच्या टेकडीकडे बघत उभे. एका बोटाने टाइप करत असल्यामुळे बराच वेळ उभे.

खरं सांगायचं तर आम्हाला मजा येत होती. भाऊ तर मुद्दाम अर्ज करायचा. पडद्यावरचं चित्र बदलणेबाबत. माऊस डाव्या हाताला ठेवणेबाबत. त्यावर पप्पांनी शेरा मारला होता: "परवानगीची आवश्यकता नाही. वेळ वाया घालवू नये."

अडलं ते आईपाशी.

आई एके संध्याकाळी शाळेतून आली, पर्समधून एक फ्लॉपी काढली आणि म्हणाली, "अहो, यात मराठीचे फॉन्ट आहेत. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी दिलेत. तेवढे टाकून द्या."

"अर्ज दे," पप्पा म्हणाले.

"कशाचा अर्ज?"

"फॉन्टचा. नियम सगळ्यांना सारखा."

आईने फ्लॉपी परत पर्समध्ये ठेवली. "मी तुमच्या ऑफिसात नोकरीला नाही," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

आम्हाला वाटलं, एक-दोन दिवसांत मिटेल. मिटलं नाही. पप्पांना वाटत होतं, दोन ओळींचा तर अर्ज, त्यात काय एवढं? आईला वाटत होतं, दोन शब्दांचं तर मागणं, त्याला अर्ज कशाला? भांडण असं झालं नाही. आमच्या घरात भांडण जरा वेगळ्या प्रकारे व्हायचं. आई चहा द्यायची आणि म्हणायची, "चहा सादर आहे." पप्पा तो बशीत ओतून प्यायचे.

फॉन्ट तिला कशासाठी हवा होता, ते सांगायला हवं. दर शनिवारी दुपारी आमच्या भागातल्या विहारात महिला मंडळ भरायचं. त्यात साठी ओलांडलेल्या सहा बायका होत्या. आईवडिलांबरोबर धम्मदीक्षा घेतली तेव्हा त्या पोरसवदा किंवा नुकत्या लग्न झालेल्या होत्या. त्यांना गाणी यायची. जात्यावरची चाल, पण शब्द नव्या काळाचे. एका गाण्यात गावची बंदी असलेली विहीर होती, एकात मुलीच्या हातातली पाटी, एकात पुण्याला येणारी पहिली गाडी आणि तिच्यात बसलेली घाबरलेली सून. कुठे लिहिलेली नव्हती. आई वही घेऊन त्यांच्यात बसायची आणि उतरवून घ्यायची. अशा चार वह्या भरल्या होत्या. तिला ती गाणी टाइप करून, नीट छापून, त्या बायकांच्या हातात द्यायची होती. हे तिने पप्पांना सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. अर्जात कारण लिहावं लागलं असतं म्हणा.

त्याच सुमारास सरकारी नोकरांना आणि शिक्षकांना संगणकाची परीक्षा पास होणं सक्तीचं झालं. पप्पा म्हणाले, "बघू, अजून मुदत आहे." आईने दुसऱ्या दिवशी सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये नाव घातलं. शाळा सुटली की बस पकडून तिकडे जायची. क्लासमध्ये सगळी कॉलेजची पोरं आणि त्यांच्यात पंचेचाळीस वर्षांची माझी आई, पुढच्या बाकावर.

घरी आली की जेवताना सांगायची. "आज आम्हाला शिकवलं, ॲडमिनिस्ट्रेटरने रोजचं काम त्या खात्यातून करायचं नसतं. साधं खातं वेगळं काढायचं. अधिकाराचं खातं फक्त अडल्यावर उघडायचं. नाहीतर चुकून काही आत शिरलं तर त्यालाही सगळे अधिकार मिळतात."

पप्पा भाजी वाढून घेत म्हणाले, "हे पुस्तकी झालं."

"तुमचं सगळं काम पुस्तकांवरच चालतं ना?" आई म्हणाली. भाऊ पाणी पिता पिता ठसकला.

मग तो दिवस आला. मला बारावीची पुस्तकं घ्यायची होती म्हणून मी पप्पांच्या स्कूटरवर मागे बसून पेठेत गेले होते. पुस्तकं झाली आणि पप्पा म्हणाले, "तुझ्या आईचा क्लास इथेच कुठेतरी आहे ना? चल, बघू तरी."

जिना चढून आम्ही वर गेलो. क्लास सुरू व्हायला अवकाश होता. खोली रिकामी होती. फक्त कोपऱ्यातल्या एका मशीनवर आई बसली होती, पाठमोरी. शेजारी तिची वही उघडी. एका हाताचं बोट वहीच्या ओळीवर, दुसऱ्या हाताने ती एकेक अक्षर शोधत होती. पडद्यावर मोठ्या मराठी अक्षरांत एक ओळ होती. मग दुसरी आली. ती ओठांतल्या ओठांत चाल म्हणत होती. आम्ही दारात आहोत हे तिला कळलंच नाही.

क्लास चालवणाऱ्या बाई बाहेरच्या टेबलावर होत्या. त्या पप्पांना म्हणाल्या, "आपण त्यांचे मिस्टर का? फार चिकाटी आहे हो. रोज अर्धा तास आधी येतात. घरी कॉम्प्युटर नाहीये वाटतं?"

पप्पांनी कोपऱ्यातल्या मशीनकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, "आहे. पण त्यात मराठी नाही."

"अहो, मग टाकून घ्या की! पाच मिनिटांचं काम."

"हो," पप्पा म्हणाले.

त्यांनी आईला हाक मारली नाही. आम्ही तसेच खाली उतरलो. स्कूटरला किक मारताना त्यांनी मला विचारलं, "कसली गाणी आहेत ती?" मी विहारातल्या बायकांचं, वह्यांचं, सगळं सांगितलं. सिग्नलला थांबलो तेव्हा ते पुढे बघत म्हणाले, "माझी आईसुद्धा म्हणायची यातलं एक. विहिरीचं."

पुढच्या रविवारी सकाळी आई विहारात गेली होती. पप्पांनी मला आणि भावाला बोलावलं. चेहरा असा, की काहीतरी मोठा कट शिजतोय. त्यांनी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून एक सीडी आणली होती. "यात मराठीचे फॉन्ट आहेत. दोनशे," ते म्हणाले. "ती येईपर्यंत सगळे टाकून ठेवतो. आल्यावर दाखवू."

"पप्पा, तिच्याकडे फ्लॉपी आहे ना? ती घ्या," मी म्हटलं.

"तिची तिला न सांगता कशी घेऊ? आणि तिच्यात किती असणार, चारच."

सीडी आत गेली. फॉन्ट होते, खरंच दोनशे होते. पण त्या सीडीत आणखीही बरंच काही होतं. तिथे पप्पांचा तोल गेला. एक माशांची टाकी होती. ती टाकली की म्हणे काम बंद असताना पडद्यावर मासे पोहतात. पप्पा म्हणाले, "हेही तिला आवडेल." टाकली. मासे खरंच आले, केशरी आणि निळे, आम्ही तिघं तोंड उघडं टाकून बघत राहिलो. मग पप्पांनी आणखी एकावर क्लिक केलं. ते काय होतं ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. पडद्यावर एक चौकट आली, तिच्यात साठपासून उलटे आकडे सुरू झाले, आणि शून्यावर कॉम्प्युटर बंद झाला. पुन्हा सुरू झाला. पुन्हा चौकट, पुन्हा साठ.

आई परत आली तेव्हा पप्पा बनियनवर, घामाघूम, टेबलाखाली शिरून वायरी तपासत होते. भाऊ मोठ्याने आकडे मोजत होता. "बेचाळीस... एक्केचाळीस..."

"काय चाललंय?" आईने विचारलं.

मीच म्हटलं, "पप्पा तुझ्यासाठी मराठी टाकत होते."

आई दारात चप्पल काढता काढता थांबली. तिने सीडीचं कव्हर उचललं, पडद्याकडे पाहिलं, टेबलाखालून बाहेर आलेल्या पप्पांच्या पायांकडे पाहिलं. "अर्ज कुणी केला होता?" तिने विचारलं. पण तिचा आवाज हसू दाबल्यासारखा येत होता.

पप्पा बाहेर आले. डोक्याला जळमट लागलेलं. "मीच केला असं समज," ते म्हणाले. मग एकदम गंभीर होऊन, "तुझं काही गेलं का गं यात? गाण्यांचं?"

"माझं यात काही नव्हतंच. सगळं क्लासमध्ये टाइप केलंय. फ्लॉपीवर आहे. दोन दोन प्रती."

पप्पांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "बघ. मी परवानगी दिली नाही, म्हणून वाचलं सगळं."

आई आधी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग ती खाली पलंगावर बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की तिला पदराने डोळे पुसावे लागले. पप्पाही हसले. खालच्या काकांनी जिन्यातून ओरडून विचारलं, "कॉम्प्युटर आहे ना हो तो?"

जोडणारा माणूस मंगळवारी आला. त्याने दोन बटणं दाबली, मान हलवली आणि म्हणाला, "सगळं पुसून पहिल्यापासून टाकावं लागेल. सीडी कुणी घातली?" पप्पा चहाचं बघायला आत गेले. माझे कॉलेजचे दोन प्रोग्रॅम गेले. ते मी पुन्हा लिहिले, आणि दुसऱ्यांदा लिहिलेले जरा बरे झाले.

दोन तास लागले. शेवटी पुन्हा तो प्रश्न आला. "नाव काय टाकू? साहेबांचंच ना?"

पप्पा आईच्या खुर्चीमागे उभे होते. ते म्हणाले, "हिचं टाका."

आईने मागे वळून पाहिलं. "अहो, मला काही रागबिग नाहीये. राहू दे तुमचंच."

"रागाचा प्रश्न नाही. तू परीक्षेला बसतेयस. तुला त्यातलं कळतं, मला कळत नाही. ज्याला कळतं त्याची सही असावी." एवढं म्हणून ते थांबले. "इतकी वर्षं ऑफिसात मी हेच म्हणतोय."

भाऊ नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं वाक्य फेकावं तसा म्हणाला, "पण सगळी सत्ता एकाच्या हातात नसावी. घटनेत तसं नाहीये."

"बरोबर," पप्पा म्हणाले. घटनेचं नाव निघालं की आमच्या घरात ते वाक्य हसण्यावारी नेलं जायचं नाही. कपाटात तिची प्रत होती आणि पप्पांनी ती पेन्सिलीने खुणा करून वाचलेली होती. त्यामुळे तो माणूस पेचकस हातात घेऊन वाट बघत बसला आणि आम्ही चौघांनी तिथेच ठरवलं. ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड आईकडे. रोजच्या कामाला चौघांना चार साधी खाती, आईलासुद्धा. कुणी काही मागितलं तर तोंडी मागायचं, आणि नाही म्हणायचं असेल तर आईने कारण सांगायचं. कुणी कुणाचं खातं उघडायचं नाही. फाईल बंद.

"आणि पासवर्ड टाकताना आम्हाला गॅलरीत पाठवायचं नाही," मी म्हटलं.

"का? गुप्त राहिला की आधीचा," पप्पा म्हणाले.

मी भावाकडे पाहिलं. भाऊ छताकडे बघत होता. आई म्हणाली, "अहो, तुम्ही टाइप करताना प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणता. गॅलरीत स्वच्छ ऐकू यायचं."

"म्हणजे तुला माहीत होता?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मलाही," मी म्हटलं. तोवर मला वाटत होतं, तो फक्त मलाच माहीत आहे.

भाऊ हळूच म्हणाला, "कार रेसिंग टाकला होता मी. एका फोल्डरच्या आत एका फोल्डरच्या आत. आता गेलाच म्हणा."

पप्पा मटकन खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं! मग त्यांनी आईला विचारलं, "तुला माहीत होता, तर फॉन्ट का नाही टाकलास? एवढे दिवस बसने पेठेत कशाला जात राहिलीस?"

"चोरून कशाला टाकू? माझंही घर आहे," आई म्हणाली. साधं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. पप्पांनी मान डोलावली. त्या माणसाला म्हणाले, "टाका हो हिचं नाव. पुरं टाका."

आई परीक्षा पास झाली. पप्पाही पुढच्या वेळी झाले. आईने त्यांची तयारी करून घेतली, आणि ते तिला "मॅडम" म्हणायला लागले ते अजून म्हणतात. माशांची टाकी त्यांनी तोंडी मागितली. आईने क्लासमधून तपासलेली आणून दिली. दुपारी पप्पा जेवून पलंगावर आडवे व्हायचे आणि मासे बघत झोपायचे.

गाणी आता घरीच टाइप व्हायला लागली. आईने कीबोर्डच्या प्रत्येक बटणावर बारीक कागद चिकटवून मराठी अक्षरं लिहिली. काही शब्दांवर तिचं अडायचं, मग विहारातल्या बायकांना विचारावं लागायचं. हळूहळू शनिवारी त्या बायकाच आमच्या घरी यायला लागल्या. तीन मजले, गुडघे धरत, प्रत्येक मजल्यावर थांबत. हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली असायची. आई एक ओळ मोठ्याने वाचायची, त्या सहाजणी एकाच वेळी "तसं न्हाय, तसं न्हाय" म्हणायच्या, आणि सहा वेगवेगळ्या ओळी सांगायच्या. आई वैतागून सहाही टाइप करायची.

त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क मावशी दवाखान्यात आया म्हणून निवृत्त झाल्या होत्या. निम्मी नोकरी त्यांनी अंगठा उठवून केली. मग आईच्या संध्याकाळच्या साक्षरता वर्गात बसून सही शिकल्या, आणि नंतर वाचायलाही. गाणी सगळ्यांत जास्त त्यांना यायची. एका शनिवारी त्या गाणं मध्येच सोडून पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्ये तुमची चार नावं हायती व्हय? चार चित्रं?"

"हो मावशी. प्रत्येकाचं वेगळं खातं."

"मंग आमचं?"

आईने पप्पांकडे पाहिलं. मग स्वतःच हसली, कारण विचारायचं तिला काही कारणच नव्हतं. तिने ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं उघडलं. आम्ही सगळे तिथेच होतो. कुणी गॅलरीत गेलं नाही, फक्त सगळ्यांनी सभ्यपणे खिडकीकडे पाहिलं. "मावशी, नाव सांगा."

"माजं? पुरं लिव. आडनावासकट."

नाव पडद्यावर आलं. मावशी खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. मग चित्र निवडायचं होतं. आईने एकेक दाखवलं. फूल, फुलपाखरू, मांजर, बदक. मावशी प्रत्येकाला मान हलवत होत्या. उडी मारणारी एक मोटरसायकल आली आणि त्या म्हणाल्या, "ह्ये. फटफटी."

बाकीच्या बायका हसल्या. "म्हातारे, फटफटीवर बसनार व्हय तू?"

"नावच तर बसतंय," मावशी म्हणाल्या. "बसू दे की."

त्या दुपारी आईने सहा खाती काढली. गुलाबी फुलावरून दोघींचं भांडण झालं, शेवटी दोघींनाही तेच दिलं. पडदा नावांनी भरून गेला. आम्ही चौघं आणि त्या सहाजणी. पप्पा चहाचा ट्रे घेऊन आले आणि मावशींच्या नावाकडे बघून म्हणाले, "हे आता तुमचं. यात मला शिरता येणार नाही."

"तुमाला बी न्हाय? तुमचं घर अस्तानी?"

"मलासुद्धा नाही."

"मला येईल," आई म्हणाली, "पण मी विचारल्याशिवाय उघडणार नाही."

मावशींनी चहा बाजूला ठेवला. पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली आणि त्या बसल्या. फटफटीवर दोनदा क्लिक केलं, तिसऱ्यांदा लागलं. आईने कोरं पान उघडून दिलं. मावशींनी चष्मा नाकावर खाली ओढला, एक बोट वर धरलं आणि कागद चिकटवलेल्या बटणांमध्ये आपल्या गाण्याचं पहिलं अक्षर शोधायला लागल्या. आम्ही सगळे त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. कुणाला तरी ते आधी दिसलं, पण सांगितलं नाही.